बिशपांना फिनिश येत नव्हतं

विमानतळाच्या काचेच्या दारातून सामानाची ढकलगाडी बाहेर काढली, तोच नात ओरडली, "आजी आला!"

सूनबाईचा चेहरा पडला. "आई, घरात आम्ही मराठीच बोलतो हो," ती म्हणाली, "पण पाळणाघरात दिवसभर फिनिश. त्यात तो-ती-ते काही नाहीच. बाबा असो, आजी असो, सगळ्यांना एकच 'हॅन'."

मिरजेच्या शाळेत बत्तीस वर्षं संस्कृत शिकवलेली बाई मी. तीन लिंगं, तीन वचनं, आठ विभक्त्या पोरांच्या गळी उतरवण्यात आयुष्य गेलं, आणि माझ्याच नातीनं हेलसिंकीच्या विमानतळावर लिंगविचार निकालात काढला होता. तिला उचलून घेत म्हटलं, "हो बाई, आला."

जूनअखेर होती. एस्पोला मुलाच्या घरी रात्री अकरालाही खिडकीशी बसून वर्तमानपत्र वाचता येईल एवढा उजेड. झोप म्हणून येईना. मुलाच्या कपाटात फिनिश भाषेच्या इतिहासावरचं एक इंग्रजी पुस्तक होतं. इथं नोकरी लागली तेव्हा हौसेनं घेतलेलं, पहिली वीस पानं सोडली तर कोरं. ते घेऊन बसले आणि तिसऱ्या रात्री एका वाक्यापाशी थबकले.

साधारण १४५० सालची गोष्ट. एक जर्मन प्रवासी आपल्या प्रवासवहीत एक वाक्य टिपून ठेवतो. ते फिनलंडच्या एका बिशपांच्या तोंडचं असल्याचं सांगतो, बिशपांचं नाव मात्र देत नाही. अर्थ असा, की फिनिश बोलायची मला फार इच्छा आहे, पण जमत नाही. आज माहीत असलेलं, कागदावर उतरलेलं फिनिशमधलं सर्वांत जुनं वाक्य ते हेच. भाषेची पहिली नोंद आणि तीच ती भाषा येत नसल्याची कबुली! वर त्या कबुलीतही विभक्तीची चूक. 'भाषा' या शब्दाला हवी ती विभक्ती न लावता बिशपांनी भलतीच लावलीय, आणि परदेशी शिकणारे आजही नेमके तिथंच घसरतात म्हणे. मी मनातल्या मनात बिशपांना शंभरपैकी पस्तीस मार्क दिले आणि वाक्याचा शेवट पाठ करून टाकला: 'एन मिनॅ ताइदा', मला येत नाही. परक्या मुलुखात उपयोगी पडेल असं वाटलं.

लिहिताना अडचण आली नाही. फिनिशमध्ये 'आ'वर दोन टिंबं देऊन जो उच्चार दाखवतात, तो आपला 'बॅट'मधला 'ॅ'. बाकी दोन-तीन स्वरांनी मात्र देवनागरीला घाम फोडला, तिथं मी जमेल तसं लिहिलंय.

मग मी मेट्रोनं एकटीच हेलसिंकीला जाऊ लागले. तिथल्या पाट्या दोन भाषांत असतात. एकीकडे 'हेलसिंकी', दुसरीकडे स्वीडिशमध्ये 'हेल्सिंगफोर्स'. सहाशेहून जास्त वर्षं इथं स्वीडनचं राज्य होतं. आज स्वीडिश मातृभाषा असलेले शंभरात पाचेक असतील, पण घटनेनं दोन्ही भाषा राष्ट्रभाषा. पाट्या वाचता वाचता एक ओळखीची खोड दिसायला लागली. गाव हेलसिंकी, पण 'हेलसिंकीत' म्हणायचं तर 'हेल्सिंगिस्सॅ'. क चा ग झाला. गाव तुर्कु, पण 'तुर्कूत' म्हणायचं तर 'तुरुस्सा'. इथं क बेपत्ताच. युरोपातले लोक याला कंटाळतात असं मुलगा म्हणाला. मी म्हटलं, त्यात काय एवढं? पुणे, पण पुण्यात. पाणी, पण पाण्यात. प्रत्यय लागायच्या आधी शब्दानं अंग चोरायचं असतं, त्याला आपण सामान्यरूप म्हणतो. तालो म्हणजे घर, तालोस्सा घरात, तालोस्ता घरातून. अशा पंधरा विभक्त्या.

'माझ्याकडे पुस्तक आहे' याला इंग्रजीत 'हॅव' लागतं. फिनिशमध्ये तसं क्रियापदच नाही, 'मिनुल्ला ओन', माझ्याकडे आहे, की झालं. नकाराचंही तसंच. मी नाही, तू नाहीस, ते नाहीत असा आपण नकार चालवतो, तसा फिनिशही चालवते: एन, एत, एइवॅत. मुलगा म्हणाला, "आई, तू सहा महिन्यांत शिकशील." पण मला माझी शाळा आठवली. सातवीतली एखादी पोर दोन शब्दांत साम्य दाखवून "बाई, हे एकच ना?" असं विचारायची, तेव्हा मी तिला सांगायची, रचना सारखी म्हणून नातं लागत नाही. दोन अनोळखी माणसंही सारखीच शिंकतात. इथं मलाच मला ते सांगावं लागलं. मराठी आणि फिनिश यांचं कूळ एक नाही. आपलं कूळ इंडो-युरोपीय. स्वीडिश, रशियन, फारसी आपल्या चुलत्या. फिनिशचं कूळ युरालिक, निराळंच.

असं मनाला बजावलं आणि चौथ्याच दिवशी बंदराजवळच्या बाजारात एका पावतीनं मला गाठलं.

एक कप कॉफी आणि दालचिनीचा गोड पाव. किमतीचे रुपये करून बघितले आणि तोंडून "किती महाग!" निघून गेलं. पावतीवर खाली तीन अक्षरं होती, त्यांचा उच्चार आ-एल-वे. मुलाला फोन केला. "व्हॅट गं," तो म्हणाला. "आर्वोन-लिसॅ-वेरो. आर्वो म्हणजे मूल्य, लिसॅ म्हणजे वाढ, वेरो म्हणजे कर." रात्री पुस्तकात 'आर्वो' शोधला. हा शब्द फिनिशच्या पूर्वजांनी हजारो वर्षांपूर्वी इंडो-इराणी बोलणाऱ्यांकडून उचललेला, आणि त्याचा संस्कृतातला भाऊ 'अर्घ'. अर्घ म्हणजे मोल. महा अधिक अर्घ, महार्घ, आणि त्याचंच घासून घासून झालेलं आपलं 'महाग'. म्हणजे मी बाकावर बसून जो शब्द बोलले, त्याचाच भाऊ माझ्या हातातल्या पावतीवर छापलेला होता.

त्या रात्री झोपेचा विषयच संपला. शंभराला फिनिशमध्ये 'साता', आपलं शत. हातोडीला 'वासारा', संस्कृतात वज्र. मुलाच्या हत्यारांच्या पेटीत स्वीडिश दुकानातून आणलेलं वज्र पडलेलं होतं आणि तो त्यानं भिंतीत खिळे ठोकत होता. हरणाच्या, रेनडिअरच्या पिल्लाला 'वासा', संस्कृतात वत्स, म्हणजे आपलं वासरू. मधमाशी 'मेहिलॅइनेन', तिच्या मुळाशी असलेला शब्द आपल्या मक्षिकेशी जुळतो, आणि मक्षिकेची आपण माशी केली. या नावाची खाजगी दवाखान्यांची एक मोठी साखळी आहे. बसमधून जाताना तिची पाटी दिसली की मी आता नातीला सांगते, "ती बघ माशी."

यातला एक शब्द मात्र गोड नाही. 'ओर्या' म्हणजे गुलाम. बहुतेक अभ्यासकांच्या मते तो 'आर्य' या शब्दावरून आला. आपल्याकडे जो शब्द मानाचा, तो तिकडे साखळदंडातला. कसं झालं असेल? चार हजार वर्षांपूर्वी युरल पर्वताच्या दक्षिणेला गवताळ माळ आणि उत्तरेला घनदाट जंगल. माळावर घोडे, रथ आणि धातू जाणणारे लोक, त्यांच्या भाषेची लेकरं पुढं इराणात आणि हिंदुस्थानात बोलली गेली. जंगलात मासेमारी आणि शिकार करणारे युरालिक लोक. काठाकाठानं देवघेव चालायची, मारामाऱ्याही व्हायच्या. माळावरचा कुणी लढाईत हाती लागला, की तो स्वतःला जे म्हणवायचा तेच त्याच्या गुलामीचं नाव झालं. युरोपातही 'स्लाव' लोकांच्या नावावरून गुलामाचे शब्द निघाले, तसंच हे. मी कितीतरी वेळ ते पान उघडं ठेवून बसले होते. वर्गात 'आर्य' शब्द मी किती वेळा समजावून सांगितला असेल. पकडून नेलेला, नाव विचारल्यावर घाबरून सांगणारा आर्य माझ्या फळ्यावर कधी आला नव्हता.

फिनिश मग पश्चिमेकडं सरकली आणि वाटेत भेटेल त्याच्याकडून घेत गेली. राजाला 'कुनिंगास' म्हणतात. जर्मॅनिक भाषांत हा शब्द झिजून 'किंग' झाला, पण फिनिशनं दोन हजार वर्षांपूर्वी उसना घेतला तसाच्या तसा फडताळात ठेवला. मुलगी, 'त्युतॅर', बाल्टिक शेजाऱ्यांकडची, आपल्या दुहितेची नातेवाईक. आणि आई? 'ऐति' हा शब्दही जर्मॅनिक, गॉथिकच्या जवळचा. आई उसनी कशी आणतात, असं सुनेला वाटलं. मिरजेत वाढलेल्याला वाटणार नाही. आमच्या वाड्यात थोरल्या बहिणीला अक्का आणि थोरल्या भावाला अण्णा म्हणायचे, दोन्ही कानडीकडून आलेले. शेजारणीकडून वाटीभर साखर आणायची आणि वाटी परत करायची विसरायची, त्यातलाच हा प्रकार.

स्वीडिशसारख्या जर्मॅनिक भाषांतले शब्द घेताना फिन लोकांनी जी काटछाट केली ती तर अगदी आपल्या खेड्यातली. शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर त्यांना चालायचं नाही. समुद्रकाठ 'स्ट्रांद'चा झाला 'रांता', शाळा 'स्कूला'ची 'कोउलु', काच 'ग्लास'ची 'लासि'. स्टेशनाचं टेशन करणारी आमची गंगूमावशी तिथं असती तर तिला कुणी हसलं नसतं.

उसनवारी झाली, आता रक्ताचं नातं. नातीला जिना चढताना पायऱ्या मोजायची सवय आहे. "युक्सि, काक्सि, कोल्मे, नेल्यॅ..." आठाला ती म्हणते 'काहदेक्सान', नवाला 'युहदेक्सॅन'. कान दिला तर आठात दोन ऐकू येतात आणि नवात एक: दहाला दोन उणे, दहाला एक उणा. आपण एकोणीस म्हणजे एक-ऊन-वीस म्हणतो तेच. ही मोजणी हंगेरियनशेजारी ठेवली की गंमत सुरू होते. तीन, फिनिश 'कोल्मे', हंगेरियन 'हारोम'. मासा, 'काला' आणि 'हाल'. मरणं, 'कुओल्ला' आणि 'हाल'. फिनिशचा क, पुढे आ-ओ-उसारखा स्वर आला की हंगेरियनमध्ये ह. झाड 'पू' आणि 'फा', डोकं 'पॅ' आणि 'फेय'. प चा फ. शिस्तीत, एकामागून एक. आपल्या सप्ताहाचा फारसीत हप्ता होतो, स च्या जागी ह येतो, तशीच ही रांग. आज फिनिश माणसाला हंगेरियनचं एक अक्षर कळत नाही. दोघी वेगळ्या झाल्याला हजारो वर्षं झाली. पण मासा, पाणी, रक्त, हात, डोळा हे घरचे शब्द दोघींनी सोडले नाहीत.

हे नातं लागलं ते आभाळाकडे बघायला गेलेल्या माणसामुळे. १७६९ साली शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसणार होता. तो पाहायला मॅक्सिमिलियन हेल हा व्हिएन्नाचा खगोलशास्त्रज्ञ नॉर्वेच्या पार उत्तर टोकाला वार्दो बेटावर गेला आणि बरोबर यानोश शायनोविच या हंगेरियन जेसुइट पाद्र्याला घेऊन गेला. तिथल्या सामी लोकांचं बोलणं शायनोविचनं कान देऊन ऐकलं, टिपलं, आणि १७७० साली सामी आणि हंगेरियन एकाच मुळाच्या आहेत असं दाखवणारं पुस्तक छापलं. सामी ही फिनिशचीच बहीण. हंगेरीतले सरदार भडकले. आम्ही घोड्यावरचे लढवय्ये, आणि आमचे भाऊबंद हे मासे खाणारे? 'मासळीचा वास येणारं नातं' अशी त्याची टिंगल झाली. सोयरिकीच्या बोलण्यात समोरच्यांचं घर बघून नाक मुरडणारे आपल्याकडेही कमी नाहीत.

फिन लोकांत या नातेवाइकांना शोधायला निघाला तो मथियास कास्त्रेन. सायबेरियाच्या थंडीत, क्षयानं पोखरलेल्या छातीनं तो नेनेत्स आणि इतर सामोयेद लोकांच्या तंबूंतून वर्षानुवर्षं हिंडला आणि त्यांची व्याकरणं लिहून आणली. १८५१ साली हेलसिंकी विद्यापीठात तो फिनिशचा पहिला प्राध्यापक झाला. पुढच्याच वर्षी, अडतिसाव्या वर्षी गेला. युरालिक कुळाचं मूळ घर व्होल्गा आणि युरलच्या आसपास की त्याहून पूर्वेला सायबेरियात, यावर अभ्यासकांची भांडणं अजून चालू आहेत. फिनिश मात्र इथली मूळची नव्हे एवढं नक्की. ती आजच्या एस्टोनियाच्या बाजूनं समुद्र ओलांडून आली, आणि आधी इथं सामी बोलली जायची हे दक्षिणेतल्या गावांची, तळ्यांची नावं अजून सांगतात. त्या एस्टोनियाला बोटीनं दोन तासांत जाऊन आलो. भाषा इतकी जवळची की फसगत व्हावी. फिनिशमध्ये 'हाल्लितुस' म्हणजे सरकार, एस्टोनियनमध्ये बुरशी. मुलगा म्हणाला, "अर्थात फार फरक पडलेला नाही."

हेलसिंकीत सिनेट चौकाच्या मागं, बँक ऑफ फिनलंडसमोर स्नेलमन बसलाय. त्याच्या चौथऱ्याला दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबच्या तुकड्यांचे टवके आहेत आणि ते मुद्दाम तसेच ठेवलेत. फिनिशला तिचा हक्क मिळावा म्हणून आयुष्यभर लढलेला हा माणूस लिहायचा स्वीडिशमध्ये. १८०९ साली फिनलंड स्वीडनच्या हातून रशियाकडे गेलं. तरी कचेरी, कोर्ट, कॉलेज सगळं स्वीडिशमध्येच चालायचं. १८६३ साली स्नेलमनच्या खटपटीनं झार दुसऱ्या अलेक्झांडरनं फर्मान काढलं, की वीस वर्षांत फिनिशला स्वीडिशच्या बरोबरीनं बसवा. झारचा पुतळा आजही सिनेट चौकात उभा आहे. १९०६ साली, स्नेलमनच्या जन्मशताब्दीला, हजारो कुटुंबांनी आपली स्वीडिश आडनावं टाकून फिनिश घेतली. स्नेलमनचं आडनाव मात्र स्वीडिशच राहिलं.

हक्क मिळाला तरी शब्द कुठून आणायचे? ते काम एलियास लेन्रोटनं केलं. शिंप्याचा पोरगा, पेशानं डॉक्टर, तिकडं कायानीत नेमणूक. रोगी तपासायचे आणि रजा काढून कारेलियातल्या खेड्यांत गाणी गोळा करायला पायी जायचं. त्यातून १८३५ साली 'कालेवाला' हे महाकाव्य उभं राहिलं, १८४९ साली ते वाढवून बावीस हजारांवर ओळींचं झालं. साहित्य, व्याकरण, स्वतंत्र यांना फिनिशमध्ये जे शब्द आहेत ते त्यानंच घडवले. आमच्या सावरकरांनी महापौर, दिनांक असे शब्द रुजवले तसे. पण दूरध्वनी आपल्या तोंडी बसला नाही आणि इथं फोनला शेंबडं पोरही 'पुहेलिन', म्हणजे बोलणं ज्यानं होतं ते, असंच म्हणतं. याचा मला थोडा हेवा वाटला. पुस्तकाला 'किर्या' म्हणतात. मूळ अर्थ नक्षी. 'किर्यावा' म्हणजे अजूनही रंगीबेरंगी, 'किर्याइल्ला' म्हणजे कशिदा काढणं. कापडावर टाके घालणाऱ्या बायकांचा शब्द पुढे छापखान्यानं घेतला.

शेवटच्या आठवड्यात एकटीच आगगाडीनं तुर्कूला गेले. दोन तासांचा रस्ता, दोन्ही बाजूंना भूर्जवृक्षांची पांढरी खोडं. तुर्कु हे नाव जुन्या रशियन शब्दावरून आलं, अर्थ बाजार. म्हणजे आपलं कुठलंही पेठ. गावातल्या बाजारचौकाला 'तोरि' म्हणतात, तो तोच शब्द, फक्त स्वीडिशच्या दारानं आत आलेला. १८२७ च्या आगीत हे गाव जवळजवळ सगळं जळलं, विद्यापीठ हेलसिंकीला गेलं. राहिलं ते जाड भिंतींचं कॅथेड्रल.

त्याच्याजवळ मिकाएल अग्रिकोला उभा आहे. विटेनबर्गला ल्यूथरच्या हाताखाली शिकून आला, इथल्या कॅथेड्रलच्या शाळेचा मुख्याध्यापक झाला. ते वाचून मी जरा ताठ उभी राहिले. १५४३ साली त्यानं फिनिशमधलं पहिलं पुस्तक छापून आणलं, ते पोरांचं अंकलिपीवजा बाराखडीचं पुस्तक. पहिल्या आवृत्तीची पूर्ण प्रत कुठंही उरलेली नाही. जुन्या पुस्तकांच्या बांधणीत रद्दी म्हणून वापरलेल्या कागदांतून पानांचे तुकडे सापडले. १५४८ साली त्याचा नवा करार आला. त्याची स्वतःची मातृभाषा फिनिश की स्वीडिश, हा वाद अजून मिटलेला नाही. लिहिताना त्याची कसरत बघण्यासारखी. एक उच्चार त्या वेळच्या फिनिशमध्ये होता, जिभेचं टोक दातांना हळूच घासून काढायचा. तो त्यानं 'डीएच' वगैरे अक्षरांनी दाखवला. पुढे तो उच्चार लोकांच्या तोंडून गेला. कुठं र झाला, कुठं ल, कुठं काहीच नाही. पण अक्षर पुस्तकात राहिलं, स्वीडिश शिकलेल्यांनी ते 'द' वाचलं, आणि आज बातम्यांत तोच 'द' शुद्ध मानतात. खेड्यातल्या म्हातारीचं 'मेइरॅन' ते अशुद्ध आणि कागदावरचं 'मेइदॅन' ते शुद्ध. 'आनी-पानी'ला छडी मारणाऱ्या मास्तरांच्या परंपरेतली मी. पुढचं काही न बोलता नदीकडे वळले.

अग्रिकोला १५५४ साली तुर्कूचा बिशप झाला. मॉस्कोला तहाच्या बोलण्यांसाठी जाऊन परतताना ९ एप्रिल १५५७ ला वाटेतच वारला. ९ एप्रिल हा आज फिनिश भाषादिन, आणि लेन्रोटही त्याच तारखेला जन्मला. त्या बिननावाच्या बिशपांपासून या बिशपापर्यंत शंभरेक वर्षं.

आउरा नदीकाठी एका छोट्या कॉफीच्या दुकानात बसले. "ह्युवॅ पॅइवॅ," नमस्कार, एवढं मी झकास म्हटलं असावं, कारण मालकीणबाई, माझ्याच वयाच्या, माझ्याशी फिनिशच बोलू लागल्या. पहिला कप संपला. किटली घेऊन त्या टेबलापाशी आल्या आणि हसून काहीतरी विचारलं. मला त्यातलं 'काहविया' तेवढं कळलं. हीच ती वेळ. मी पाठ बसवलेलं वाक्य स्पष्ट, सावकाश म्हटलं, "एन मिनॅ ताइदा."

बाईंनी समजूतदारपणे मान हलवली आणि किटली घेऊन पुढच्या टेबलाकडे गेल्या.

रात्री मुलाला सांगितलं तर तो सोफ्यावर आडवा पडून हसला. 'ताइदा' हे क्रियापद पावणेसहाशे वर्षांत सरकलंय. तेव्हा त्याचा अर्थ येणं, जमणं असा होता. आता ते 'बहुधा' या अर्थानं वापरतात. बाईंनी विचारलं होतं, आणखी कॉफी देऊ का? आणि मी उत्तर दिलं होतं, नको वाटतं.

नात तेवढ्यात खोलीतून आली. सगळं ऐकून घेतलं आणि गंभीरपणे म्हणाली, "आजी, 'मिनॅ' कोणी नाही म्हणत. 'मॅ' म्हणायचं."